डिफ्युझरमध्ये कुठलं तेल घालू? शनिवारच्या आत हवंय

कावेरी_घोडबंदर
भेट म्हणून डिफ्युझर आलाय. सोबत छोट्या बाटल्यांचा सेट होता, त्यातलं काहीही लावलं की डोकं चढतं. ऑनलाइन शंभर रुपयांपासून तीन हजारांपर्यंत वाट्टेल ते दिसतंय. नक्की कुठलं घेऊ, नाव सांगा. शनिवारी नणंद आणि तिचे मिस्टर राहायला येतायत. 'गूगल करा' असं लिहायला कृपया येऊ नका.

नेरुळकर
डिफ्युझर कुठला? पाण्याचा, काड्यांचा की खाली मेणबत्ती लावायचा?

कावेरी_घोडबंदर
साधाच आहे हो. प्लग लावला की वाफ येते, रंगीत दिवा लागतो.

नेरुळकर
म्हणजे अल्ट्रासॉनिक. ती वाफ नसते, तळाची चकती थरथरून पाण्याचे बारीक तुषार उडवते. १०० मिली पाण्याला ३ ते ५ थेंब पुरतात. खोबरेल किंवा बदाम तेलात मिसळलेलं काही नको, चकतीवर थर बसतो. तुम्ही किती टाकता? आणि बाटलीवर काय लिहिलंय?

कावेरी_घोडबंदर
दहा-बारा थेंब. त्याशिवाय हॉलभर वास कुठे येतो? बाटलीवर 'लॅव्हेंडर फ्रेग्रन्स ऑइल'. एसी चालू असतो.

नेरुळकर
दारं-खिडक्या बंद, थेंब दुप्पट-तिप्पट, वर कृत्रिम सुगंध. डोकं दुखेल नाही तर काय होईल? फ्रेग्रन्स ऑइल म्हणजे बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला वास. इसेन्शिअल ऑइल हवं तर गडद काचेची बाटली आणि त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. लॅव्हेंडर असेल तर 'लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया'. आपल्याकडे जम्मूच्या भदरवाहात आता लॅव्हेंडरची बरीच शेती होते, तिथलं तेल चांगलं मिळतं. आणि दोनशे रुपयांत चंदनाचं तेल देणाऱ्याला लांबून नमस्कार.

अत्तरवाले_अण्णा
ही सगळी फॅडं आहेत. कन्नौजचं खस अत्तर आणा. देग-भपक्यात, म्हणजे तांब्याच्या हंड्यात उकळून जुन्या पद्धतीने उतरवलेलं, मोहम्मद अली रोडवर मिळेल. एक थेंब टाका आणि बघा.

नेरुळकर
अण्णा, अत्तर अंगाला लावायचं. चंदन तेलाच्या किंवा हल्ली लिक्विड पॅराफिनच्या बेसवर असतं, घट्ट. या मशीनमध्ये चिकटून बसेल.

अत्तरवाले_अण्णा
मग मशीन टाकून द्या.

सुगंधसखी_वाशी
ताई, माझ्याकडे १००% शुद्ध, थेराप्युटिक ग्रेड तेलं आहेत, नवी मुंबईत घरपोच. मेसेज करा.

नेरुळकर
'थेराप्युटिक ग्रेड' असा कुठलाही सरकारी दर्जा नसतो. ज्याचा तो छापतो.

खिडकीतून_खाडी
मूळ प्रश्न राहिलाच. घरात वास कसला येतोय, की नुसती हौस आहे?

कावेरी_घोडबंदर
पाहुण्यांच्या खोलीत कपाटं उघडली की कुबट वास. बाल्कनीकडची भिंत पावसाळ्यात ओलावते.

खिडकीतून_खाडी
अहो मग तुषार सोडून आणखी दमट करताय! इथली पावसाळी हवा आधीच ओलीचिंब. त्या खोलीत एसी ड्राय मोडवर चालवा. कपाटं रिकामी करून पुसा, दारं उघडी टाका, आत कोळशाच्या पिशव्या ठेवा. बुरशीवर अत्तर शिंपडून बुरशी जात नाही. भिंतीचं सोसायटीला लेखी द्या, तोंडी सांगून कमिटी हलत नाही.

मु_पो_कळवा
कुंडीत गवती चहा लावा. सर्दीला उपयोगी, सकाळच्या चहात मस्त लागतो. मी दोनच काड्या लावल्या होत्या, आता शेजारीपाजारी मागायला येतात.

दांडेकर_पूल
नणंदबाई गायमुख घाटातून येणार असतील तर भल्या पहाटे निघायला सांगा.

कावेरी_घोडबंदर
चहा, घाट, कमिटी… तेलाचं सांगा ना कुणीतरी! लेमनग्रास किंवा टी ट्री घेऊ का? मन्याला लिंबाचा वास आवडत नाही, म्हणजे सोफ्यावरून उतरेल तरी.

खिडकीतून_खाडी
मन्या कोण?

कावेरी_घोडबंदर
बोका.

नेरुळकर
हे आधी सांगायचं ना! टी ट्री अजिबात नको. निलगिरी, पेपरमिंट, लवंग, दालचिनी, लिंबू-संत्रंही नको. या तेलांतले बरेच घटक मोडून बाहेर टाकायला लागणारी विकरं मांजराच्या यकृतात फार कमी असतात. शिवाय तुषार केसांवर बसतात आणि बोका दिवसभर अंग चाटतो, म्हणजे ते पोटातच जातात. लाळ गळतेय, धाप लागतेय, झोकांड्या जातायत असं दिसलं तर थेट व्हेटकडे. लॅव्हेंडरचं मी वर लिहिलं ते मांजर नसलेल्या घरासाठी.

मु_पो_कळवा
काही होत नाही. आमची मांजर दिवाळीत कापराच्या धुरातही झोपते.

खिडकीतून_खाडी
काही झालं नाही म्हणजे चालतं असं नाही. कापूर तर माणसाच्या पोरांनाही धोक्याचा, पोटात गेला तर झटके येतात. आणि नेरुळकर, दार बंद करून पाहुण्यांच्या खोलीत लावलं तर?

नेरुळकर
मन्या ओरबाडून दार उघडायला लावणार. मी तर सुचवणार नाही.

कावेरी_घोडबंदर
म्हणजे काहीच लावायचं नाही?

खिडकीतून_खाडी
खोली कोरडी करा, तेवढ्यानेच निम्मं काम होईल. शनिवारी सकाळी स्टेशनबाहेरून मोगऱ्याचे गजरे आणून उशाशी ठेवा. आणि कपाटात कपड्यांमध्ये वाळ्याची जुडी. जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. आमची आजी पैठण्या वाळ्यातच ठेवायची.

कावेरी_घोडबंदर
हे जमेल. आज जाऊन येते. डिफ्युझर नणंदेलाच देऊन टाकते, त्यांच्याकडे मांजर नाही.

दांडेकर_पूल
त्यांना दमा-बिमा नाही ना, ते आधी विचारा.

अत्तरवाले_अण्णा
वाळा म्हणजे खसच की! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, तेव्हा माझ्यावर धावून आलात.

मु_पो_कळवा
मन्याचा फोटो टाका.