इम्प्लिसिट कास्ट: प्लॅनमध्ये की एक्झिक्युटरमध्ये?

प्रश्न
एसक्यूएल इंजिन (डेटाबेसच्या क्वेरी चालवणारा प्रोग्राम) लिहितोय: पार्सर (क्वेरी वाचतो), बाइंडर (नावं आणि टाइप जुळवतो), ऑप्टिमायझर (प्लॅन सुधारतो), एक्झिक्युटर (प्लॅन चालवतो). सध्या इम्प्लिसिट कास्ट (टाइप आपोआप बदलणं) नाही, म्हणून ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना एकच डेटा टाइप लागतो. इंट (पूर्णांक) कॉलमची तुलना बिगइंटशी (मोठा पूर्णांक) किंवा अवतरणातल्या '३०' शी केली की एरर. टाइपच्या प्रत्येक जोडीसाठी एक्झिक्युटरमध्येच कोड लिहू का? आणि टाइपच्या बाबतीत मायएसक्यूएल डेटाबेसइतकं सैल ठेवावं का?

उत्तर १
एक्झिक्युटरला हात लावू नका. दहा टाइप धरले तरी प्रत्येक ऑपरेटरमागे शंभर जोड्या होतात. बाइंडरनंतर, ऑप्टिमायझरच्या आधी एक पास (क्वेरीवरून फिरणारा टप्पा) घाला. एक्स्प्रेशन ट्री (अटीची झाडासारखी मांडणी) खालून वर चालायची, दोन्ही बाजूंचा सामायिक टाइप काढायचा आणि जी बाजू वेगळी असेल तिच्यावर टाइप बदलणारा कास्ट नोड चढवायचा. स्मॉलइंट, इंट, बिगइंट, डेसिमल (नेमका दशांश), डबल (अंदाजे दशांश) अशी चढती शिडी पुरते.

डेसिमलला जपा. बिगइंट म्हणजे डेसिमल(१९,०): एकूण १९ अंक, दशांशानंतर शून्य. तो डेसिमल(१०,२) शी ताडायचा तर सामायिक टाइप (२१,२) लागतो. (१९,२) ठेवलात तर मोठे आकडे ओव्हरफ्लो होतात.

केस, कोअलेस, युनियनमध्ये (जिथे अनेक किमतींतून एकच कॉलम बनतो) सगळ्या शाखा एकदम बघून टाइप ठरवा. नुसत्या नलला (किंमतच नसणं) टाइप नसतो, तो बाकीच्यांचा घेतो.

उत्तर २
सैलपणाबद्दल: मायएसक्यूएल स्ट्रिंग (मजकूर) आणि आकडा दोन्ही डबल टाइपमध्ये बदलून ताडतं. म्हणून 'abc' = 0 खरं ठरतं, व्हारकार (मजकूर) कॉलमवरचा इंडेक्स (झटपट शोधण्याची सूची) वाया जातो आणि २^५३ च्या पुढे शेजारचे दोन आकडे सारखे दिसू शकतात. पोस्टग्रेस डेटाबेसची रीत घ्या: अवतरणातला लिटरल (क्वेरीत थेट लिहिलेली किंमत) आधी 'अननोन', मग समोरच्याचा टाइप. '३०अ' लिहिलं तर प्लॅन करतानाच एरर. व्हारकार कॉलम आणि इंट यांची तुलना मात्र सरळ नाकारा, पोस्टग्रेसनेही ८.३ पासून (२००८) मजकुराकडे आपोआप होणारे बरेचसे कास्ट काढून टाकले.

प्रश्नकर्ता
पास घातला, धन्यवाद. पण इंट कॉलमवर बिगइंटचा कास्ट बसतो आणि इंडेक्स स्कॅन (इंडेक्समधून शोध) होत नाही. शिवाय आउटपुटमध्ये कॉलमचं नावच 'कास्ट(...)' असं येतंय.

उत्तर १
नावासाठी कास्टच्या आधीचं नाव अलियास (दाखवायचं नाव) म्हणून टिकवा. ग्रुप बाय नावावरून जुळवत असाल तर तेही याच कारणाने तुटेल.

इंडेक्ससाठी ऑप्टिमायझरमध्ये उलटा नियम हवा: कास्ट(क) = ५ (क म्हणजे इंट कॉलम) दिसलं की ५ लाच इंट करा आणि कॉलम मोकळा सोडा. लिटरल इंटमध्ये मावत नसेल, समजा ३००००००००० असेल, तर '=' तुलनेचं उत्तर फॉल्स. पण क नल असेल तिथे नलच. व्हेअरमध्ये फरक पडत नाही, नॉटच्या आत पडतो.

उत्तर २
हॅश जॉइनही (दोन टेबलं जोडताना ओळी बकेटमध्ये, म्हणजे गटांत, वाटणं) तपासा. दोन्ही कीज (जोडणारे कॉलम) कास्ट झाल्यावरच हॅश करा, नाहीतर इंट ५ आणि बिगइंट ५ वेगळ्या बकेटमध्ये जाऊन ओळी गुपचूप गळतात, एररही येत नाही.