वजन ७६ वरच अडकलंय, काय करू?

चकलीताई: रोज पाऊण तास चालतेय, भात बंद, पहिल्या महिन्यात ३ किलो उतरलं आणि आता दीड महिना झाला काटा ७६ वरून हलायला तयार नाही, वर सासूबाई म्हणतात किती वाळलीस गं. सोमवार, चतुर्थी उपासही करते.

निवांतनाना: उपासाला खाता काय? साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप, तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी.

चकलीताई: खिचडीच 😅 वाटीभर. बरं, दोन वाट्या.

गुळांबा: सुरुवातीला उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं गं, नंतर स्लो होणारच. मला तर पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवणं नडत होतं. थायरॉइड चेक केलंस का?

चकलीताई: शनिवारी करते. पण उद्या चतुर्थी, साबुदाणा भिजत घातलाय ऑलरेडी 🙈