ख्रिस्ती धर्मशास्त्रात येशू किती आणि प्लेटो किती?

पारावरचा_पाहुणा (धागाकर्ता):
थेट मुद्द्यावर येतो. जगभर ज्याला ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणतात त्यातला निम्म्याहून जास्त माल ग्रीकांचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. येशू गालीलातला, अरामी बोलणारा, आणि सांगायचा काय तर पेरणारा, मोहरीचा दाणा, हरवलेलं मेंढरू. पुढे ३२५ साली नायसियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशप मंडळी परिषदेला जमतात आणि भांडतात कशावर, तर पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी एकतत्त्व आहे की नाही! गालीलच्या एखाद्या कोळ्याला हे विचारलं असतं तर तो जाळं तिथेच टाकून पळाला असता.

आणि हे फक्त त्रैक्यापुरतं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव एवढ्यापुरतं नाहीये. जुन्या करारातला देव रागावतो, हळहळतो, माणूस निर्माण केल्याचा त्याला पस्तावा होतो (उत्पत्ती, ६ वा अध्याय), योनाच्या गोष्टीत निनवे शहरावरचं संकट मागे घेतो. चर्चच्या ग्रंथांतला देव मात्र अविकारी, त्याच्यात बदल नाही, दुःख त्याला शिवत नाही. हा देव कुठून आला? ॲरिस्टॉटलकडून, तो स्वतः न हलता सगळं जग हलवणारा, तोच हा. आणि अमर आत्मा? प्लेटोच्या 'फीडो'त सॉक्रेटिस विष पिण्याआधी मित्रांना जे समजावतो तेच की. बोला आता.

वसईकर_मी:
बोलतो. नायसियाचं उदाहरण तुम्ही नेमकं उलटं वापरलंय. तिथे ज्याचं मत फेटाळलं त्या एरियसचं म्हणणं काय होतं? खरा देव एकटाच, अनादी, अगम्य, आणि पुत्र त्याने निर्माण केलेला, एक पायरी खालचा. वर अगम्य एक, मधे दुय्यम मध्यस्थ, खाली जग, ही उतरंड त्या काळच्या प्लेटोवाद्यांच्या अगदी ओळखीची. नायसियाने ती मोडली आणि म्हणाले की सुतार म्हणून राबला, वधस्तंभावर मेला, तोच पूर्ण देव. कुठल्या ग्रीक तत्त्ववेत्त्याला हे पचलं असतं? 'एकतत्त्व' हा शब्द त्यांचा घेतला पण त्यांच्याच डोक्यात हाणायला घेतला.

अमर आत्म्याचंही तेच. श्रद्धांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही 'देहाचं पुनरुत्थान' म्हणतो. देहाचं! प्रेषितांची कृत्ये, १७ वा अध्याय काढा. पौल अथेन्समध्ये स्टोइक आणि एपिक्युरियन या ग्रीक तत्त्वज्ञानपंथांच्या लोकांसमोर बोलतोय, त्यांच्याच कवीची ओळ वापरतो की आपण देवाची लेकरं, तोवर सगळे ऐकून घेतात. मेलेल्यातून उठण्याचा विषय निघाला की काहीजण चक्क हसतात. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस तर म्हणायचा, असली आशा किड्यांना शोभते, कुजलेलं शरीर परत कोणाला हवंय? शेजाऱ्याकडून खुर्च्या आणल्या म्हणून लग्न शेजाऱ्याचं होत नाही हो.

तिरकस_तात्या:
म्हणजे प्लेटोची रॉयल्टी दोन हजार वर्षं थकलीये असं म्हणायचंय का धागाकर्त्यांना? व्याजासकट काढा हिशोब, तोवर मी चहा टाकतो.

पारावरचा_पाहुणा:
तात्या, चहा जास्त टाका, हे लांबणार.

वसईकर, कागदावर देहाचं पुनरुत्थान आहे, मान्य. पण कोणत्याही अंत्यविधीला जाऊन ऐका, 'आत्मा देवाघरी गेला' हेच ऐकू येतं की नाही? शेवटच्या दिवशी थडग्यातून उठायचंय हे कितीजणांच्या मनात असतं? माणसं मनातून ज्याच्यावर विसंबतात तो प्लेटोच. आणि हे वाटेल तिथून आपोआप झिरपलं नाही, मोठमोठ्या लोकांनी हाताने आणलंय. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्ववेत्त्याचा झगा घालून फिरायचा आणि सॉक्रेटिस, हेराक्लायटस हे ख्रिस्ताआधीचे ख्रिस्तीच असं लिहून गेला. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणतो की यहुद्यांना जसं नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान, दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारं. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनने तर जन्माआधीही आत्मे होते इथपर्यंत मजल मारली.

वसईकर_मी:
आणि त्याच ऑरिजेनच्या नावाने ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत निषेध झाला, ते सोयीस्कर गाळलंत! प्लेटोच्या फार जवळ गेला की चर्चने कान धरलाय. चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनचं वाचा, तो कबूल करतो की प्लेटोवाद्यांच्या पुस्तकांनी त्याला वाट दाखवली, देव म्हणजे काही पसरलेला पदार्थ नव्हे हे त्याला तिथे कळलं. पण लगेच पुढे म्हणतो की शब्द देही झाला, म्हणजे देव माणूस झाला, हे मात्र तिथे कुठेच सापडलं नाही. म्हणजे ज्यावर सगळा धर्म उभा तीच गोष्ट नाही. मग निम्म्याहून जास्त माल कसला?

बिनसाखरेची:
दोघांनाही ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन आठवत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. अथेन्सचा आणि यरुशलेमचा काय संबंध, असं साधारण १८०० वर्षांपूर्वी विचारणारा माणूस. धाग्याचं उत्तर त्यातच आहे, काही संबंध नाही. विषय संपला.

पारावरचा_पाहुणा:
ताई, तेर्तुलियन माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. अथेन्सला हाकलणारा हाच माणूस आत्म्यावर लिहायला बसला की आत्मा शरीरासारखाच एक पदार्थ आहे म्हणतो, आणि हे स्टोइकांचं मत. सेनेका या रोमन स्टोइकाला तर 'बऱ्याचदा आपलाच' म्हणतो. पुढच्या दाराने हाकललं आणि मागच्या दाराने आत घेतलं.

गोदाकाठची:
मला तुमची दोघांची मांडणीच पटत नाहीये, कारण तुम्ही धरून चाललाय की एका बाजूला शुद्ध यहुदी येशू होता आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध ग्रीक प्लेटो आणि मग कोणीतरी नंतर त्यांची भेट घालून दिली. असं काही नव्हतं. सिकंदरानंतर तीनशे वर्षं तो सगळा पट्टा ग्रीक छायेत होता. यहुद्यांनी स्वतःचं शास्त्र अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली ती येशूच्या अडीचशेएक वर्षं आधी. नाझरेथपासून काही मैलांवर सेफोरिस हे ग्रीक-रोमन वळणाचं शहर. फिलो हा येशूचा समकालीन, अलेक्झांड्रियाचा पक्का यहुदी, आणि मोशेला प्लेटोच्या चष्म्यातून वाचणारा. पहिल्या ख्रिस्ती माणसाने तोंड उघडलं तेव्हाच ग्रीक विचार घरात बसलेला होता. मग बाहेरून आत आला म्हणता येतं का?

पारावरचा_पाहुणा:
गोदाताई, याने माझा दावा खोडला कुठे जातोय? उलट पक्का होतोय. मी कधी आला त्याची तारीख विचारत नाहीये, किती आहे ते विचारतोय. आणि तेराव्या शतकात तर घाऊक आयात झाली. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ, काही थेट ग्रीकमधून तर काही अरबी मार्गे, इब्न सीना आणि इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्ववेत्त्यांच्या भाष्यांसकट, पॅरिसला पोचले आणि थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्र्याने त्यावर इमारत बांधली. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, भाकर दिसायला तशीच राहते पण तिचं सत्त्व बदलतं, ती येशूचं शरीर होते, हे समजावायला दृश्य गुण वेगळे आणि सत्त्व वेगळं ही ॲरिस्टॉटलचीच विभागणी लागली. प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरला हे डोळ्यात खुपलं, १५१७ मध्येच त्याने मांडलं की ॲरिस्टॉटलला सोडल्याशिवाय कोणी धर्मशास्त्री होऊच शकत नाही. म्हणजे हे मी एकटा बरळत नाहीये.

वसईकर_मी:
तिथेही चाळण लावलीच की. जग अनादी आहे हे ॲरिस्टॉटलचं मत चर्चने घेतलं का? नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली, त्यात ॲरिस्टॉटलवाद्यांची भरपूर होती आणि काही तर थॉमसच्या मतांनाही घासून जाणारी. हवं ते घ्यायचं, नको ते टाकायचं. याला प्रभाव म्हणा, मालकी कशी म्हणता?

गोदाकाठची:
चाळणीचा मुद्दा बरोबर आहे पण त्याहून मोठी साक्ष सिरियन ख्रिस्ती लोकांची. चौथ्या शतकातला एफ्रेम ग्रीक शहाणपणाला विष म्हणतो, आणि तरीही एरियसच्या विरोधात नायसियाच्या बाजूने उभा राहतो, तेही भजनं रचून. अग्नी, प्रकाश, मोती असल्या प्रतिमा, व्याख्या जवळजवळ नाहीच. केरळच्या ख्रिस्ती लोकांची पूजाभाषा सिरियाक होती ती याच परंपरेतून. म्हणजे ॲरिस्टॉटलची परिभाषा न वापरता तीच श्रद्धा धरून ठेवता येत होती.

रिकामटेकडा_७:
आत्तापर्यंत नुसता वाचत होतो पण वसईकरांना एक विचारतो, जरा सरळ उत्तर द्या. ग्रीक विचार नुसत्या खुर्च्याच होत्या तर त्या बदलू का देत नाहीत? ब्रह्मबांधव उपाध्याय हा बंगाली कॅथलिक, १८९८ मध्ये त्रैक्यावर 'वंदे सच्चिदानंदम्' हे स्तोत्र संस्कृतात रचलं. त्याचा आग्रह एवढाच की युरोपात थॉमसने ॲरिस्टॉटलचं जे केलं ते इथे वेदांताचं करू. चर्चच्या वरिष्ठांनी त्याची नियतकालिकं वाचू नका असं कॅथलिकांना बजावलं. आणि १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि विवेक यावरच्या परिपत्रकात भारताचं नाव घेऊन इथल्या विचारपरंपरेतून घ्यायला सांगितलं, छान, पण सोबत अट घातली की ग्रीक-लॅटिन विचारातून जे कमावलंय ते सोडता येणार नाही. का बरं?

वसईकर_मी:
कारण त्या परिभाषेत शेकडो वर्षांचे वाद मिटवलेत, ती काढली की तेच वाद पुन्हा उकरावे लागतील. आणि इथे काहीच बदललं नाही असं नाही, फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलं, त्यात वैकुंठसुद्धा आहे. उपाध्यायांवर अन्याय झाला असं माझंही मत आहे.

रिकामटेकडा_७:
ओव्या मराठी आणि वैकुंठही आपलं, पण त्यात मांडलेलं धर्मशास्त्र सोळाव्या शतकातल्या कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेचंच आहे हो. उपाध्यायांना ओव्या नको होत्या, इमारतीच्या पायातला दगड बदलायचा होता. ते कोणी करू दिलंय याचं एक उदाहरण द्या.

पारावरचा_पाहुणा:
+१. वसईकर, याचं उत्तर येईपर्यंत मी माझा 'निम्म्याहून जास्त' एक शब्दानेही कमी करत नाही.

तिरकस_तात्या:
चहा उकळून आटला. दुसरा टाकतो.