विषय: जागतिक आरोग्य संघटनेला बळ कशाचे?

सप्रेम नमस्कार,
अमेरिका बाहेर पडल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना मोडीत निघाल्यातच जमा आहे, असे इथे मंडळात अनेकजण म्हणतात. देशांवर हुकूम चालवण्याचे अधिकार दिल्यावाचून ती सुधारणार नाही, असे मला वाटते. निपाणीच्या काकांचे मत कळावे.

*

ताई, नमस्कार.
हुकमाआधी पैशाकडे पाहावे. सभासद देशांची ठरीव वर्गणी अनेक वर्षे संघटनेच्या अंदाजपत्रकाच्या पंचमांशाहूनही कमी होती. बाकीचा पैसा देणगीदारांचा, आणि त्यातला बराचसा कोणत्या कामावर खर्चायचा हे आधीच बांधून दिलेला. गणपतीच्या वर्गणीत प्रत्येकाने 'माझे पैसे रोषणाईलाच' असे बजावले, तर मांडवाचे भाडे कोण भरणार? वर्गणीचा वाटा मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत नेण्याचे 2022 मध्ये ठरले आणि मे 2025 मध्ये वर्गणीत 20 टक्के वाढ मंजूर झाली, ही माझ्या मते अलीकडची सर्वांत महत्त्वाची सुधारणा आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार गंभीर घटनेची पडताळणी होताच 24 तासांत संघटनेला कळवावे लागते. मात्र त्या देशाच्या संमतीवाचून तिचे तज्ज्ञ आत पाऊल टाकू शकत नाहीत. आपल्या सीमाभागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 2021 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा कागद दाखवून लोक ये-जा करीत होते. गोचिडींमुळे पसरणारा माकडताप मात्र 2016 मध्ये महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आढळला तेव्हा गोव्यातल्या सत्तरी आणि कर्नाटकातल्या खानापूरकडच्या लोकांनाही धास्ती वाटणे साहजिक होते, कारण काजूच्या बागांतले मजूर आणि रानातल्या गोचिडी यांच्यासाठी तीन राज्ये नसतात. अशा वेळी शेजारच्या आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवणारी यंत्रणा नाक्याहून अधिक उपयोगी पडते, आणि तिच्यासाठी कोणी हुकूम सोडण्याची गरज नसते.

*

काका, वर्गणीचे पटले. हुकमाचे पूर्ण नाही. मे 2025 मध्ये महासाथ करार संघटनेच्या सभेच्या समितीत 124 मतांनी, विरोधाशिवाय, मान्य झाला आणि मग सर्वसंमतीने संमत झाला. टाळेबंदी किंवा लसीची सक्ती करण्याचा अधिकार संघटनेला नाही, हे त्यातच लिहिले आहे, तेही ठीक. परंतु रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना मोबदल्यात काय मिळावे, याचे परिशिष्ट मंजूर झाल्यावाचून करार सह्यांसाठी खुलाच होत नाही. महासाथीत सहभागी कंपन्यांनी लस-औषधांच्या उत्पादनाचा 20 टक्के वाटा संघटनेला उपलब्ध करावा आणि त्यातला निदान निम्मा दान म्हणून द्यावा, अशी त्यातली कल्पना आहे. हा वाटा कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता करारनाम्याने बांधावा, इतका हुकूम तर चालेल ना?