डार्क सिनेमा: गडद, काळा की आणखी काही?

पडदावेडी
'द डार्क नाइट' हा बॅटमॅनचा सिनेमा पुन्हा पाहिला आणि राहवलं नाही म्हणून त्यावर लिहायला बसले. बाकी सगळं भराभर उतरलं, गाडं अडलं ते एकाच वाक्यात. सुपरहिरोंचे ढिगाने सिनेमे आले, पण इतका डार्क आणि इतका खिळवून ठेवणारा दुसरा नाही, असं मला म्हणायचंय. 'डार्क'साठी मी 'गडद' लिहिलं. मैत्रिणीने वाचून लगेच हरकत घेतली: गडद रंग असतो, सिनेमा नव्हे, 'अंधारी' लिही.

ते मला मुळीच पटत नाही. या सिनेमातले सगळ्यात अंगावर येणारे प्रसंग उजेडात घडतात. सुरुवातीचा बँकेवरचा दरोडा भरदिवसा. हॉस्पिटल उडवलं जातं तेही दिवसा. आणि ती चौकशीची खोली! आधी टेबलावरच्या दिव्यापुरता उजेड, खलनायक जोकरच्या समोर पोलीस अधिकारी गॉर्डन. तो उठून बाहेर जातो, खाडकन सगळे दिवे लागतात आणि बॅटमॅन जोकरच्या पाठीमागेच उभा असतो. तिथून पुढे सगळं लख्ख पांढऱ्या उजेडात. जोकरच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रंगाला गेलेल्या भेगा दिसतात, डोळ्यांभोवतीचं काळं ओघळलेलं दिसतं. बॅटमॅन मारतोय आणि जोकर खदाखदा हसतोय, कारण मारून त्याच्याकडून काहीच काढून घेता येणार नाही. हीथ लेजरला जोकरच्या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं, ते एवढ्या एका प्रसंगावरही देता आलं असतं. याला 'अंधारी' कसं म्हणू? सुचवा.

कोशातला किडा
'गडद' सोडू नका. त्यात रंगाच्या आधी दाटपणा आहे. गडद अंधार म्हणतो तेव्हा कुठला रंग सांगत असतो आपण? शिवाय डोंगरातल्या गुहेलाही गडद म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मुळातून आले असावेत, असा माझा जुना तर्क आहे: आत उजेड पोचत नाही ती गडद. आणि वटवाघळाचा वेष घेणाऱ्या, गुहेत अड्डा असणाऱ्या नायकाच्या सिनेमाला याहून नेमकं विशेषण कुठून आणणार?

स्वच्छमराठी
मुळात 'डार्क'ला प्रतिशब्द शोधावा लागतो याचेच मला वाईट वाटते. 'दिग्दर्शक' हा शब्द सावरकरांनी दिला आणि आज तो कुणाच्याही तोंडी सहज बसतो. तेव्हा जमले ते आज का जमू नये? माझी सूचना 'तामस'. त्याच्या अर्थात अंधार आहे आणि वृत्तीही आहे. तामस चित्रपट. ऐकायला भारदस्त वाटते.

एक प्रेक्षक
तामस नको हो. तम म्हणजे जडता, आळस, अज्ञान. जोकर क्षणभर स्वस्थ बसत नाही, तो सगळा रजोगुण आहे. आणि डार्क तर आता मराठीच झालाय. 'फार डार्क आहे रे तो पिक्चर' हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पडदावेडींनी पहिल्याच परिच्छेदात 'हरकत' लिहिलंय, तो अरबीतून आलेला शब्द, त्यावर कुणी हरकत घेतली का?

स्वच्छमराठी
जुने घर केलेले शब्द आणि काल आलेले शब्द यांत फरक करावा लागतो. 'हरकत' आपल्या व्याकरणाने चालतो. 'डार्क'चे सामान्यरूप करून दाखवा.

एक प्रेक्षक
'सुंदर'चं तरी कुठे होतं? सुंदर मुलगा, सुंदर मुली, सुंदर घरात. डार्क सिनेमा, डार्क गोष्टी, डार्क सिनेमात. तंतोतंत आपल्या व्याकरणाने चाललंय.

माजघर
भेसूर! कसं कुणाला सुचलं नाही? आमची आजी हा शब्द फक्त कुत्र्याच्या रडण्याला वापरायची. रात्री कुत्रं भेसूर रडायला लागलं की उठून बसायची. संगीतकार हान्स झिमरने जोकरसाठी चेलोवर जवळजवळ एकच स्वर ताणत ताणत नेलाय, तो ऐकताना मला नेमकं तेच आठवतं. 'बेसूर'चाच 'भेसूर' झाला असणार.

कोशातला किडा
बेसूरशी संबंध जोडू नका, भेसूर चेहराही असतो. भय आणि असुर यांचा जोड मला जास्त पटतो. पण शब्द जोकरपुरता ठीक. अख्खा सिनेमा भेसूर म्हटला तर लोकांना भुताचा वाटेल.

जुनी चित्रकथा
उलट बाजूने येऊन बघा. सिनेमाच्या आधी चित्रकथा डार्क झाल्या. बॅटमॅन १९३९ साली अवतरला तेव्हा तो बऱ्यापैकी करडाच होता. मग १९५४ मध्ये अमेरिकेत चित्रकथांसाठी आचारसंहिता आली आणि सगळं गुळगुळीत झालं. १९६६ ची दूरचित्रवाणी मालिका तर रंगीबेरंगी आणि खेळकर. १९८६ मध्ये चित्रकथाकार फ्रँक मिलरने पिकलेल्या केसांचा, चिडलेला बॅटमॅन रंगवला आणि हे विशेषण त्याला कायमचं चिकटलं. म्हणजे ते कशाच्या विरुद्ध आलं? सोज्वळच्या. 'सोज्वळ'मध्ये 'उज्ज्वल' आहेच. त्याच्या उलट माझ्या मते 'काळवंडलेला'. कारण या गोष्टीत कुणी जन्मतः काळं नाही, सगळे काळवंडत जातात. सिनेमातला सरकारी वकील हार्वी डेंट, त्याचं नाणं आठवा. दोन्ही बाजूंना छापच, म्हणजे निकाल आधीच ठरलेला. स्फोटानंतर त्याची एक बाजू जळून काळी पडते आणि तेव्हापासून तो खरोखर नशिबावर सोडायला लागतो.

पडदावेडी
काय सुंदर सांगितलंत! नाण्याचं हे माझ्या लेखात जाणारच. पण 'काळवंडलेला सिनेमा' म्हटलं की फिल्म खराब झाल्यासारखं वाटतं ना?

एक प्रेक्षक
वाटतंच. डार्क ठेवा.

माजघर
आणि नावाचं काय करणार? देवनागरीत रात्रीचा 'नाइट' आणि योद्धा 'नाइट' दोन्ही सारखेच. आमच्या बाबांनी पोस्टर वाचून 'काळी रात्र' असा अर्थ लावला होता आणि शेवटपर्यंत रात्र कधी संपते याची वाट बघत बसले.

जुनी चित्रकथा
इंग्रजीतही तो श्लेष कानाला आहेच. पण हा नाइट चिलखतवाला. सरदार म्हणावं तर जहागीर आली. मी 'शिलेदार' म्हणेन. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, दुसरं काय करतो? त्याची ती रणगाड्यासारखी गाडी भर रस्त्यात निकामी होते, तिच्यातूनच दुचाकी सुटून निघते. घोडा पडला तरी लढाई सोडली नाही, आणि नुकसान सगळं त्याचंच.

कोशातला किडा
शिलेदार पगार घ्यायचा. हा कुणाचा नोकर आहे? उलट पोलीसच मागे लागतात. शेवटी गॉर्डन आपल्या मुलाला जे सांगतो त्यातून 'राखणदार' हा शब्द निघतो. राखणदार दिसला नाही तरी असतो.

पडदावेडी
राखणदार एका जागी असतो, हा शहरभर फिरतो. मला शिलेदारच आवडला. पण मग डेंटचं काय? त्याला सिनेमात गॉथम शहराचा व्हाइट नाइट म्हणतात. गोरा म्हटलं तर दिसण्याबद्दल होतं, पांढरा म्हटलं तर बुद्धिबळातला मोहरा वाटतो.

जुनी चित्रकथा
'उजळ माथ्याचा शिलेदार'. तो चेहरा दाखवून लढतो, बॅटमॅन झाकून. आणि मेल्यावरही डेंटचा माथा उजळ राहावा म्हणूनच बॅटमॅन त्याचे खून स्वतःच्या अंगावर घेतो.

स्वच्छमराठी
उजळ माथा उत्तम. पण शिलेदार पुन्हा फारसीच्या वाटेने आलेला. 'वीर' का नको?

जुनी चित्रकथा
वीर कुणीही असतो. स्वतःचा घोडा घेऊन आलेला माणूस त्यात कुठे दिसतो?