विटमनची पदकं आणि व्हिलेर-बोकाज

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा-कमांडर मायकेल विटमन याने एकट्याने ब्रिटिश ब्रिगेड रोखली, असा दावा केला जातो. १३ जून १९४४ ला फ्रान्समधल्या व्हिलेर-बोकाज गावात त्याच्या टायगर रणगाड्याने काही मिनिटांत ब्रिटिश ताफ्याची दाणादाण उडवली, हे खरंच. पण त्याच सकाळी त्याचा रणगाडा निकामी झाला आणि गडी पायी निसटला! दुपारची लढाई इतरांनी लढली, त्यात जर्मनांचेही टायगर गेले. प्रचारखात्याने मात्र बहुतेक श्रेय त्याच्याच नावावर मांडलं.

त्याचं नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक आणि त्यावरची ओक लीव्हज ही पुढची श्रेणी, दोन्ही जानेवारी १९४४ मधले, रशियन आघाडीवरचे. त्याहून वरची श्रेणी, म्हणजे तलवारी, व्हिलेर-बोकाजच्या लढाईनंतरच्या. आणि तो नियमित सैन्यातला नव्हे, वाफेन-एसएसचा, म्हणजे नाझी संघटना एसएसच्या लढाऊ दलाचा अधिकारी होता, हे पदकांच्या कौतुकात सोयीस्कर विसरलं जातं. ८ ऑगस्टला तो मारला गेला. गोळा ब्रिटिश शर्मन फायरफ्लायचा की कॅनेडियन रणगाड्याचा, यावर अजून वाद आहे.