आंशिक विकलज लिहिताना 'स्थिर काय' ते दर वेळी लिहायला हवं का?

धागाकर्ती (रत्नागिरी, बीएस्सीला गणित शिकवते)

आंशिक विकलज म्हणजे अनेक चलांपैकी एकच बदललं तर राशी किती दराने बदलते ते; तो ∂ ने लिहितात. मुलं घोकतात, "एक चल बदला, बाकीचे स्थिर ठेवा." बाकीचे म्हणजे कोणते, असं विचारलं की वर्ग गप्प. माझ्या मते दोष मुलांचा नाही, ∂ या चिन्हाचा आहे.

आंब्याच्या कलमांभोवती गडगा घालायचाय. लांबी ३० मीटर, रुंदी २०, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. आता लांबी मीटरभर वाढवा. रुंदी तीच ठेवली तर क्षेत्रफळ ६२०. पण चिरा १०० मीटर गडग्यापुरताच असेल, तर रुंदी १९ वर येते आणि क्षेत्रफळ ५८९! विकलज, म्हणजे लांबी नेमकी ३० असतानाचा बदलाचा दर, काढले तर पहिला +२०, दुसरा −१०. लिहिताना मात्र दोन्ही ∂क्षे/∂ल. उष्मागतिकीत कंस करून खाली स्थिर राशी लिहितात. आपण का लिहू नये?

प्रतिसाद १

मॅडम, नाही पटलं. तुम्ही दोन वेगळ्या फलांना (फंक्शन्सना) एकच नाव दिलंत, गोंधळ तिथे आहे. ल×र हे एक फल, ल×(प/२−ल) हे दुसरं, प म्हणजे परिमिती. एकाला फ म्हणा, एकाला ग, संपलं. गणितज्ञ लजांद्र यांनी १७८६ साली वापरून सोडलेलं ∂ हे चिन्ह गणितज्ञ याकोबींनी १८४१ मध्ये परत आणलं, तेव्हापासून ते व्यवस्थित चाललंय. पाच चलं असतील तर प्रत्येक पदाखाली चार अक्षरं लिहीत बसणार का?

धागाकर्ती

हो, बसेन. कलमांखालची जमीन एकच आहे हो, तिच्या क्षेत्रफळाला दोन नावं देऊन मुलांना काय सांगू?

प्रतिसाद २ (जयगड)

मी अडलो होतो ते ∂ आणि साध्या डी (d, म्हणजे सगळं मिळून होणारा बदल) मधल्या फरकाशी. सुटलो होडीत. खाडीत नांगर टाकून बसलं की खोली फक्त भरतीने बदलते, तो ∂. होडी चालू लागली की खालचा तळही बदलतो. भरतीने दहा मिनिटांत पाणी दहा सेंटीमीटर चढलं, पण तेवढ्यात होडी साचलेल्या वाळूवर आली तर खोली उलट मीटरभर कमी होते. तो साधा डी: भरतीचा वाटा, अधिक होडीचा वेग गुणिले जागेनुसार खोलीतला बदल. ∂ म्हणजे नांगर टाकलेला, एवढं कळलं आणि माझं भागलं. खाली अक्षर लागलं नाही.

प्रतिसाद १

नांगराचं मस्त! मॅडम, पहिल्या वर्षाला लिहा खाली, माझी हरकत नाही. पण दुसऱ्या वर्षी फलाचं नाव बदलायला शिकवाच.

धागाकर्ती

शिकवीन. खालचं अक्षर मात्र तिसऱ्या वर्षीही पुसणार नाही.